चंपतरावांच्या समुद्रातली कीड

समुद्र घरी आणायचा असं चंपतरावांनी ठरवलं, तेव्हा त्यांनी स्वतः समुद्र एकदाही पाहिलेला नव्हता. पण ही काही मोठी अडचण आहे असं त्यांना वाटलं नाही. कृषी खात्यात विस्तार अधिकारी म्हणून त्यांची अख्खी हयात तामसी मंडलातल्या कपाशीच्या शिवारांत गेली होती, आणि न पाहिलेल्या गोष्टी अमलात आणण्याची सवय सरकारी नोकरीत माणसाला आपोआप लागते.

घडलं ते असं. त्यांची सून मयूरी वेंगुर्ल्याची. मुलाची, जीवनची, आणि तिची ओळख पुण्यात झाली, लग्नही तिकडेच एका हॉलात झालं, आणि जीवनला बँकेची आदिलाबाद शाखा मिळाली म्हणून संसार मात्र इथे मांडला गेला. पोर बोलकी, हसरी. सासूकडून, लक्ष्मीबाईंकडून, ज्वारीची भाकर थापायला शिकली, ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी "मस्त झालाय" म्हणायला शिकली. फक्त संध्याकाळी गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे तोंड करून उभी राहायची. एकदा लक्ष्मीबाईंनी विचारलं, "काय पाहून राह्यली वं पोरी?" तर म्हणाली, "काही नाही आई. इथे वारा येतो, पण खारट लागत नाही." लक्ष्मीबाईंनी हे चंपतरावांना सांगितलं आणि चंपतरावांच्या मनात ते कुसळासारखं रुतून बसलं.

त्यातच मयूरी बहिणीच्या लग्नासाठी दीडेक महिना माहेरी निघाली, आणि ती गेली त्याच आठवड्यात जीवन जेवता जेवता म्हणाला, "बाबा, रत्नागिरीच्या शाखेत जागा हाये. बदलीची दरखास्त देऊ का? मयूरी आली का तिले इचारून ठरवतो."

"तुमचं तुमी पाहा," चंपतराव म्हणाले आणि दोन भाकरी कमी खाऊन उठले. त्यांना म्हणायचं होतं, 'नका जाऊ.' बोंडअळीवर तीन तास न थांबता बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द काही केल्या बाहेर पडेनात. पोरं गेली तर घरात दोन म्हातारी माणसं आणि एक टीव्ही उरणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. म्हणून त्यांनी मोबाइलवर पाहून पाहून बेत केला की सून परत यायच्या आत दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचपेटी उभी करायची. गोड्या पाण्याची नव्हे, ती तर कोणत्याही दाताच्या दवाखान्यात असते. अस्सल समुद्राची.

काचपेटी हैदराबादहून आली. मीठही तिकडूनच आलं, कारण हे मीठ वेगळं असतं, स्वयंपाकाचं चालत नाही. हे ऐकून लक्ष्मीबाईंना वाईट वाटलं, कारण त्यांनी जाड्या मिठाचं पोतं आधीच काढून ठेवलं होतं. पाण्यात मीठ किती झालं ते मोजायला दुर्बिणीसारखं एक नळकांडं मिळतं. चंपतरावांनी त्यातून पाहिलं आणि आकडा वाचला, लक्ष्मीबाईंनी बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, "कमी हाये." दोघांचं काही जमेना. ज्या एका माणसाने समुद्र खरोखर चाखला होता ते वेंगुर्ल्यात बसलेलं, आणि त्याला विचारायची तर चोरी.

मग अफसरभाईंचा फोन आला. अफसरभाई म्हणजे हैदराबादचे दुकानदार. "देखो साब," ते म्हणाले, "सिर्फ मच्छी और पानी से समंदर नहीं बनता. लाइव्ह रॉक होना. जिंदा पत्थर. उसके छेदों में छोटे छोटे जीव रहते, वो पानी साफ रखते." दगड समुद्रातून उपटलेला नव्हता. तसं करायला कायद्याने बंदी आहे हे अफसरभाईंनी स्वतःच सांगितलं. सिमेंटचा दगड बनवून तो खाऱ्या पाण्याच्या शेतात मुरवत ठेवलेला, त्यावर रीतसर जीवसृष्टी धरलेली, आणि तशी पक्की पावती. शेतात वाढवलेला दगड म्हटल्यावर चंपतरावांना एकदम आपलेपणा वाटला. त्यांनी लगेच खोकंभर मागवला.

दगड बसने आला आणि बसस्टँडवरच्या पार्सल ऑफिसात अडकला.

खोक्यावर अफसरभाईंनी मोठ्या अक्षरांत 'लाइव्ह रॉक' असं लिहून ठेवलं होतं. खिडकीतला कारकून ते बोटाने दाखवत म्हणाला, "एंटि सर इदि? ये क्या है? लाइव्ह लिखा है. जिंदा माल पार्सल में नहीं चलता सर."

"अहो, दगड हाये तो," चंपतराव म्हणाले. मग त्यांनी तेच हिंदीत सांगितलं, मग मोडक्या तेलुगूत.

"पत्थर है तो लाइव्ह कैसा? लाइव्ह है तो पत्थर कैसा?" कारकुनाने विचारलं. चंपतरावांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं की प्रश्न बिनतोड आहे. कारकुनाने तोड सुचवली: जनावरांच्या डॉक्टरचा दाखला आणा. जनावरांच्या डॉक्टरांनी मान हलवली आणि सांगितलं, ज्याला नाडी नाही ते आमच्या खात्यात येत नाही, खनिजवाल्यांकडे जा. खनिजवाल्यांनी सांगितलं, जो दगड जमिनीतून निघत नाही तो आमचा नाही, जंगलवाल्यांकडे जा. जंगल खात्यातला माणूस भला होता. त्याने पावती वाचली, दगड शेतातला आहे म्हणून मान्य केलं, आणि शेतातला आहे तर कृषी खात्याचा दाखला लागेल असं म्हणाला. कृषी खातं म्हणजे खुद्द चंपतराव. स्वतःच्या दगडाला स्वतःच दाखला द्यायचा की नाही या धर्मसंकटात ते बसस्टँडवर चहा पीत उभे राहिले. तिकडे खोक्यात दगड सुकत होता.

सोडवणूक केली ती शेजारच्या पांडुरंगरावांनी. पांडुरंगराव निवृत्त गिरदावर, गावोगाव जमिनी तपासणारे. महसुलातून बाहेर पडून त्यांना बरीच वर्षं झाली, पण महसूल काही त्यांच्यातून बाहेर पडला नव्हता. "मौक्यावर चला," ते म्हणाले. "मुआयना करू, पंचनामा करू, किस्सा खतम." पार्सल ऑफिसात त्यांनी खोकं उघडायला लावलं, ओला कागद बाजूला सारला, दोन हमालांना पंच केलं आणि खणखणीत आवाजात मजकूर सांगितला: सदर दगड मौक्यावर पाहिला असता निपचित पडलेला आढळला, हाका मारल्या असता जबाब दिला नाही, कोणतीही हालचाल दिसून आली नाही, सबब तो दगडच आहे अशी खात्री झाली. कारकुनाने शिक्का मारला. पंचांनी सह्या केल्या. आणि शाई वाळते न वाळते तोच दगडाच्या एका भोकातून एक काळा, केसाळ पाय बाहेर आला, त्याने इकडेतिकडे चाचपून पाहिलं आणि तो परत आत गेला.

कारकुनाने खोकं दोन्ही हातांनी चंपतरावांकडे ढकललं आणि खिडकी लावून घेतली.

घरी आल्यावर दगड पाण्यात रचले. गढूळ पाणी निवळलं. भिवाजी सर म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवणारे एक स्नेही समोरच्या गल्लीत राहत, ते भिंग घेऊन आले आणि तासभर काचेला नाक लावून बसले. "चंपतराव, हे जग हाये बावा," एवढंच म्हणाले. पुढे पाणी मुरल्यावर नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची जोडी आली. लक्ष्मीबाईंनी तिची दृष्ट काढली. चंपतराव ऑफिसातून आल्याबरोबर बूटसुद्धा न काढता पेटीसमोर खुर्ची टाकून बसू लागले. इतका आनंद त्यांना खात्याच्या गुणगौरव समारंभातसुद्धा झाला नव्हता.

एके दिवशी दगडावर फुलं आली. काचेसारखी पारदर्शक, तपकिरी झाक असलेली, लांब पाकळ्या पाण्यात झुलवणारी चार-दोन फुलं. लक्ष्मीबाई हरखल्या. त्यांनी शेजारणींना बोलावून दाखवली. अमावास्येला आली असती तर शंका घेतली असती, पण पौर्णिमेला आली म्हणून सर्वांनी शुभ मानलं. चंपतरावांनी फोटो काढून कौतुकाने अफसरभाईंना पाठवला. अफसरभाईंचा फोन ताबडतोब आला.

"साब, वो फूल नहीं. कीडा है. एप्टेशिया बोलते. पत्थर के संग छुपके आता. डंक मारता, फैलता, पूरी पेटी खा जाता."

चंपतरावांनी फोन खाली ठेवला. त्यांचा चेहरा असा झाला की लक्ष्मीबाईंनी आधी पाणी आणलं आणि मग विचारलं. कीड! चंपतरावांच्या घरात! ज्या माणसाने गावोगाव फिरून, शाळेच्या ओट्यांवर उभं राहून, 'कीड दिसल्याबरोबर ओळखा आणि वेळीच बंदोबस्त करा' हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं होतं की पोरं खेळताना त्यांची नक्कल करत, त्याच्या दिवाणखान्यात दिव्याच्या उजेडात कीड डुलत होती आणि त्याच्या बायकोने तिला हळदकुंकू वाहिलं होतं.

बातमी लपली नाही. आदिलाबादेत ज्याच्या घरी कपाशी नाही असा माणूस विरळा, आणि ज्याच्या घरी कपाशी आहे तो कीडतज्ज्ञ असतोच. संध्याकाळपासून रीघ लागली. कोणी म्हणालं, पीक फेरपालट करा, एक वर्ष मासे, एक वर्ष तूर. पांडुरंगरावांनी मौका पाहून कामगंध सापळा सुचवला. शेतात मादीचा वास लावलेला सापळा टांगतात, नर पतंग फसून येतात, तसं. "पन हिच्यात मादी कोनती अन् नर कोनता?" चंपतरावांनी विचारलं. पांडुरंगराव म्हणाले, ते तुमच्या खात्याचं काम. ते स्वतः पिवळे चिकट कागद घेऊन आले आणि त्यांनी ते पेटीभोवती लावून टाकले. त्या कागदांना एक पाल, पुष्कळ डास आणि लक्ष्मीबाईंच्या पदराचा काठ एवढं पीक मिळालं.

दरम्यान दगडाखालून एक अळी निघाली. लांब, गुलाबी, दोन्ही बाजूंना पांढऱ्या लवीची किनार. अळी दिसताच चंपतरावांचा हात सवयीने पुढे गेला. बोंड फोडून अळी चिमटीत धरायची, उजेडात पाहायची, चिरडायची, आणि मग शेतकऱ्यांकडे पाहायचं, ही त्यांची ठरलेली पद्धत. त्यांनी बाही सारून हात बुडवला आणि अळी चिमटीत धरली. पुढच्या क्षणी त्यांनी जी आरोळी मारली ती ऐकून पांडुरंगराव चप्पल न घालता आले. लव नव्हती ती, बारीक काटे होते, काचेच्या लोकरीसारखे. बोटं सुजून भेंडीएवढी झाली.

डॉक्टरांनी विचारलं, "काय चावलं?"

"अळी."

"शेतात गेले होते का?"

"नाई. समुद्रात होतो," चंपतराव म्हणाले. डॉक्टरांनी बोटं सोडून आधी त्यांचा ताप पाहिला.

हाताला पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी ते तामसीकडच्या एका गावात सभेला गेले. विषय ठरलेला, शेवटच्या वेचणीनंतर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून किडीचा नायनाट. मारोती नावाचा शेतकरी मागच्या रांगेतून उभा राहिला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "सायेब, पऱ्हाटीचं समजलं. तुमच्या घरच्या किडीचं काय करून राह्यले?" सभा हसली. चंपतरावांनी घड्याळाकडे पाहिलं, पाण्याचा पेला संपवला आणि 'किडीचे मित्रकीटक' या विषयाकडे वळले. त्या दिवशी घरी आल्यावर ते पेटीकडे न पाहता सरळ आतल्या खोलीत गेले.

नवऱ्याचा हा अपमान लक्ष्मीबाईंना पाहवला नाही. आणि इथे जी चूक झाली ती दुसऱ्या मुलखातल्या माणसाच्या हातून झाली नसती. लक्ष्मीबाई निंदणात पटाईत. त्यांच्या माहेरच्या शिवारात त्यांची पात सगळ्यांच्या पुढे असायची, आणि तणाचं पातं मागे राहिलं असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचार केला, जे नको असताना उगवतं ते तण, आणि तणाला औषध एकच. नवरा दौऱ्यावर गेल्याचं पाहून त्यांनी शेजारच्या जयवंताबाईंना आणि आणखी दोघींना बोलावलं. बाह्या वर सरल्या, हातांत रबरी मोजे चढले. खुरपं आत मावेना म्हणून कात्र्या घेतल्या. चौघींनी गाणी म्हणत अख्ख्या दगडाचं निंदण केलं. दिसेल ते फूल खुडलं, बुडखे खरवडले, बारीक बारीक तुकडे केले, उरलेलं पाण्यात विरून जाईल म्हणून तसंच सोडलं आणि वर चहा घेतला. चंपतराव आले तेव्हा दगड साफ चकाचक. त्यांना इतकं भरून आलं की ते बायकोला म्हणाले, "तुले खात्यात घ्याले पाह्यजे होतं."

आठवडाभर आनंदीआनंद होता. मग ज्या दगडावर चार-दोन फुलं होती त्यावर, त्याच्या शेजारच्यावर, काचेवर, पंपावर, जिथे जिथे एखादा तुकडा जाऊन पडला तिथे तिथे इवलं इवलं फूल उमललं. मोजायची सोय राहिली नाही. माशांची जोडी मधल्या मोकळ्या जागेत एकमेकांना चिकटून उभी राहू लागली.

"काटे क्या साब?" अफसरभाईंनी फोनवर विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाले, "अरे काटना नक्को था! उसका एक टुकडा गिरा तो एक नया होता. आपने तो खेती कर दी."

लक्ष्मीबाईंनी हे ऐकलं आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. चंपतराव मागोमाग गेले. आयुष्यभर ज्या निंदणाचा त्यांना अभिमान, त्यानेच घात केला होता, आणि तो घात नवऱ्याच्या इज्जतीचा. चंपतराव शेजारी पाट ओढून बसले. शेवटी म्हणाले, "पेरनी चांगली झाली तुझी. उगवन पूर्न हाये." लक्ष्मीबाईंनी लाटणं उगारलं, पण हसू आवरेना म्हणून परत ठेवलं.

भोकातला केसाळ पायही आता नुसता पाय राहिला नव्हता. त्याच्यामागे अख्खा खेकडा होता, काळ्या नख्यांचा, आणि पाणी साफ ठेवायला आणलेल्या गोगलगायी तो दुपारच्या शांत वेळी एकेक करून फोडत असे. चंपतरावांनी बाटली कापून त्याच्यासाठी सापळा केला आणि आत आमिष ठेवलं. खेकडा आत गेला, आमिष खाल्लं, बाहेर आला, आणि सापळा आवडल्यामुळे दुसऱ्या दिवशी परत गेला. पांडुरंगरावांनी या गोष्टीची 'बेकायदा कब्जा' अशी नोंद केली आणि हात झटकले.

आता मयूरीचं येणं दोन दिवसांवर आलं. चंपतराव काचपेटीसमोर बसले. समुद्र आणायला निघालो आणि किडीचं कोठार करून बसलो, असं त्यांना वाटलं. पोर येईल, हे पाहील, आणि मनात म्हणेल, यांना एक काचेची पेटी सांभाळता येत नाही. मग जीवन तिला विचारील आणि ती हो म्हणेल. त्यांना गलबलून आलं. अफसरभाईंना फोन लावला, तर ते म्हणाले, "एकच रास्ता साब. पत्थर निकालो, धूप में सुखाओ. सब मर जाता. फिर नया शुरू."

उन्हात सुकवणं! चंपतराव ताडकन उभे राहिले. उन्हाळी नांगरट! जमीन खोल नांगरायची, मातीतले कोष उघडे पाडायचे, ऊन आपलं काम करतं. हे तर ते नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सांगत आले होते. आपलंच शास्त्र आपल्याला परक्याकडून ऐकावं लागलं याचं त्यांना वैषम्य वाटलं, पण वेळ वैषम्याची नव्हती. सकाळी उठून दगड गच्चीवर नेऊन वाळवायचे, पेटीत माशांची जोडी आणि स्वच्छ पाणी तेवढं ठेवायचं, आणि सुनेला म्हणायचं, हा बघ समुद्र. दगडांशिवायचा समुद्र जरा उघडाबोडका दिसेल, पण निदान कीडमुक्त असेल.

सकाळी ते आणि पांडुरंगराव कामाला लागले. मासे बादलीत काढले. दगड एकेक करून धुण्याच्या टबात ठेवले, सोबत थोडं पाणी. टब अंगणापर्यंत आणून दोघे दम खात होते, एवढ्यात रिक्षा थांबली आणि मयूरी उतरली. तिकीट एक दिवस आधीचं मिळालं म्हणून ती आली होती आणि तिलाही सर्वांना चकित करायचं होतं. एकाच घरात एकाच वेळी दोन गुपितं असली की असं होतं.

"बाबा, हे काय?" तिने बॅग खाली ठेवत विचारलं.

चंपतराव टबाच्या पुढे उभे राहिले. मग लक्षात आलं की आपण काही फार रुंद माणूस नाही, टब दोन्ही बाजूंनी दिसतो. "काई नाई," ते म्हणाले. "दगड हायेत. वाळवून राह्यलो."

मयूरी वाकली. टबात दगडाच्या भोकातून काळी नखी बाहेर आली. आणि ती पोर, प्रवासाच्या कपड्यांनिशी, अंगणातल्या मातीत सरळ फतकल मारून बसली.

"कुर्ली!" ती ओरडली. "बाबा, कुर्ली आहे यात!"

"हाये. चोर हाये ती," चंपतराव खालच्या आवाजात म्हणाले.

पण तिचं लक्ष नव्हतं. तिने टबात हात घातला, आणि चंपतराव "नको, नको!" म्हणेपर्यंत तिने एका फुलाच्या मध्यावर बोटाचं टोक हलकेच टेकवलं. फूल आवळलं, बोटाला चिकटलं, मग सोडलं. ती खुदकन हसली. "आमच्या घरामागे खडप आहे, कातळाचा किनारा. समुद्र ओसरला की कातळात पाणी साचून डबकी राहतात ना, तिथे ही अशीच असतात. मी आणि ताई शाळा बुडवून जायचो आणि प्रत्येकाला बोट द्यायचो. जे फूल बोट आवळेल त्याला नाव द्यायचो." मग तिला अळी दिसली. "ही पण! हिने मला एकदा असे काटे टोचले होते, दोन दिवस हात दुखत होता." चंपतरावांनी आपला पट्टीचा हात पाठीमागे नेला, पण तिने तो पाहिला, आणि दोघेही एकमेकांकडे पाहून हसले.

लक्ष्मीबाई बादली घेऊन आल्या. "पोरी, हे मासे पाह्य. तुमच्या समुद्रातले."

मयूरीने नारिंगी माशांकडे पाहिलं. "छान आहेत आई. पण हे आमच्याकडे कुठे असतात! हे मी पहिल्यांदाच बघते." आणि ती परत टबाकडे वळली. मग हळूच म्हणाली, "बाबा, हे सगळं कोणासाठी आणलंत?"

पांडुरंगरावांनी आयुष्यात प्रथमच ओळखलं की या मौक्यावर आपलं काम नाही, आणि ते कुंपणाकडे जाऊन उभे राहिले. चंपतरावांनी एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा दगडांकडे. "तुझ्यासाठी," ते म्हणाले. आणि मग एका दमात, "नका जाऊ तुमी पोरी. तुमी गेले तं घर खायले उठन. समुद्र नाई आनता आला मले. नुसती कीड आनली."

मयूरीने ओढणीने डोळे पुसले आणि ओढणी ओल्या दगडाला लागून खारट झाली. "बदलीचं जीवनने मला फोनवर सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी गाडीत तोच विचार करत आले. ठरत नव्हतं. आता ठरलं. दरखास्त राहू दे. पण एक अट आहे. यातलं काही मारायचं नाही."

"काईच नाई?" चंपतरावांचा आवाज चिरकला. अख्ख्या नोकरीची तत्त्वं त्या टबात बुडत होती. "कुर्लीसुद्धा?"

"कुर्ली तर मुळीच नाही. तिला वेगळं घर करू, म्हणजे ती गोगलगायी खाणार नाही. माशांना दुसऱ्या पेटीत ठेवू. ही फुलं आणि अळी यांची वेगळी." ती उठली. "आणि आधी पाण्यात घाला त्यांना. ऊन लागतंय."

ऊन लागतंय म्हटल्याबरोबर चंपतरावांनी टब उचलला. पांडुरंगराव धावत मदतीला आले. जे दगड सुकवायला इतक्या घाईने बाहेर काढले होते ते त्याहून घाईने आत गेले. भिवाजी सर भिंग घेऊन आले. त्या दुपारी मयूरीने वेंगुर्ल्याला व्हिडिओ कॉल लावून आपल्या वडिलांना अख्खी पेटी दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, कुर्ली लहान आहे, कालवणाला पुरणार नाही. लक्ष्मीबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

संध्याकाळी गल्लीतला एक उत्साही गृहस्थ दारात आला. त्याच्या पाठीवर फवारणीचा पंप होता. "चंपतराव, ऐकलं का कीड फार झाली म्हने तुमच्याकडे. नवीन औषध आनलं, एका फवाऱ्यात सपाट. सरका बाजूले."

चंपतरावांनी दोन्ही हात चौकटीला लावले. आत मयूरी काचेसमोर बसून खेकड्याला कोळंबीचा तुकडा भरवत होती, आणि शेजारी लक्ष्मीबाई, "तिले अजून दे, अंगात काईच नाई तिच्या," म्हणत होत्या.

"पंप उतरवा," चंपतराव ताठ उभे राहून म्हणाले. "अन् आवाज कमी करा. आमच्या सुनेच्या माहेरचे हायेत ते. येवढ्या दुरून पह्यल्यांदाच आले. व्याह्यांवर कोनी फवारा मारते का?"

तो गृहस्थ बुचकळ्यात पडला. पण माहेरची माणसं आली आहेत म्हटल्यावर काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. त्याने पंप ओसरीवर उतरवला, चपला काढल्या, सदरा नीट केला आणि तो भेटायला आत गेला.